नसलेल्या इस्टेटीचं मृत्युपत्र

माझा जोडीदार तिसऱ्या पाळीहून सायकलवर घरी निघाला होता. वाटेत टेम्पोखाली गेला. वय एकोणतीस. आम्ही दोघं एकाच सूतगिरणीत, एकाच खात्यात, समोरासमोरच्या रिंगफ्रेम सांभाळायचो. तो कविता लिहायचा. माझ्यापेक्षा चांगल्या लिहायचा. हे त्याच्या हयातीत मी कधी कबूल केलं नाही, आता करतो.

तिसऱ्या दिवशी गावाकडून त्याचा भाऊ आला. खोलीत होतं काय? एक पत्र्याचं कपाट, मोबाईल, बँकेचं पासबुक, वाकलेली सायकल, पुस्तकं आणि सात वह्या. वहिनी दुसऱ्या जातीची. लग्न विहारात झालेलं. मी स्वतः तिथं होतो, खीर मीच वाटली होती. नोंदणी मात्र ‘करू की पुढच्या सुट्टीला’ म्हणत राहून गेली. भाऊ म्हणाला, "लग्नाचा कागद दाखव." कागद नव्हता. बँकेत नॉमिनी भाऊच होता, लग्नाच्या आधीपासून लावलेला. त्यानं पैसे काढले, कपाट टेम्पोत घातलं, मोबाईल पुसून विकला आणि वह्या रद्दीत दिल्या. भाऊ काही राक्षस नाही. शेतमजूर माणूस, आजारी आईला सांभाळणारा. त्याला वाटलं, भावाचं ते आपलं. वह्या म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

आठ दिवसांनी मला कळलं. रद्दीवाल्याकडं धावलो. त्यानं पुठ्ठे फाडून कागद वेगळे केले होते. मागच्या ढिगातून दोन वह्या निघाल्या. पाच गेल्या. कुठल्या तरी गाडीवर कोणी तरी त्यात भजी खाल्ली असणार.

त्याच आठवड्यात ठेकेदाराचा माणूस वहिनीकडं आला. हातात उचलीची वही. "तुझ्या नवऱ्यानं अठरा हजार उचललेत, ते फेड." बघा आता. पासबुकाला ती बायको नव्हती, उचलीला मात्र बायको होती. लग्नाचा कागद ठेकेदारानं मागितला नाही.

हे सगळं मी आमच्या रविवारच्या बैठकीत मांडलं आणि म्हणालो, आपण पोरांनी मृत्युपत्रं करून ठेवली पाहिजेत. पोरं हसली. एकजण म्हणाला, "लेका, तुझी इस्टेट कुठं आहे? पत्र्याच्या खोलीची का बिडीच्या बंडलाची?" मीही हसलो. पण रात्रभर फ्रेमवर तुटलेले धागे सांधताना तोच प्रश्न डोक्यात फिरत राहिला. ज्याच्याकडं काही नाही त्यानं मृत्युपत्र का करावं? पुढचं सगळं त्या प्रश्नाशी झालेलं माझं भांडण आहे.

पहिल्यांदा आपल्याला वारशात काय मिळालं ते बघू. माझ्या पणज्याला महारकीचं वतन होतं. वतन म्हणजे जमिनीचा तुकडा आणि त्याच्या बदल्यात गावाची रात्रंदिवस फुकट चाकरी. सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, सांगावा पोचवायचा, मेलेलं ढोर ओढायचं, मर्तिकाची खबर गावोगाव न्यायची. बावन्न हक्क म्हणायचे. त्या हक्कांत मढ्यावरचं कापडसुद्धा होतं. दुसऱ्याच्या मरणातून मिळणारं फडकं ही आमची इस्टेट. आणि ती बापाकडून पोराकडं जायला कुठलं मृत्युपत्र लागत नव्हतं. जन्मलास की वारस. १८७४ चा वतन कायदा त्याला शिक्का मारून बसला होता. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात त्याविरुद्ध बिल आणलं. वतन कायद्यानं मोडायला १९५८ उजाडलं. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

म्हणजे जात, वेठ, शिवी आणि कर्ज बिनकागदाचं, बिनसहीचं आपोआप चालत येतं. त्याला साक्षीदार लागत नाहीत. माणसाला आपल्या मनानं, आपल्या माणसाला काही द्यायचं असलं की मात्र कागद लागतो. मृत्युपत्र म्हणजे एवढंच, की मी मेल्यावरही माझ्या शब्दाला किंमत राहील. आणि आपल्या शब्दाला तर जिवंतपणीही किंमत नव्हती! मनूनं सांगून ठेवलं होतं, की बायको, पोरगा आणि दास या तिघांना स्वतःचं धन नाही आणि ऐपत असली तरी शूद्रानं धन साठवू नये. ते पुस्तक २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जळलं. पण नुसतं जाळून भागत नाही. ‘तुझं काही नाही’ या वाक्यापुढं ‘हे माझं आहे आणि ते मी अमक्याला देतो’ हे वाक्य लिहावं लागतं. त्यात एक सायकल असली तरी चालेल.

आणि हे काही मी नवीन सांगत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं होतं. आपल्या भाषणांत जोतीरावांचा हौद येतो, शाळा येते, आसूड येतो. मृत्युपत्र कोणी सांगत नाही. ते करायची त्यांना गरज का पडली? तर मुलगा यशवंत पोटचा नव्हता. काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला होता. रक्त वेगळं, जात वेगळी. जोतीरावांना आपले भाऊबंद चांगले ठाऊक होते. म्हणून त्यांनी कागदावर लिहून ठेवलं, की वारस यशवंत, आणि माझ्या मागच्या विधींना भटजी नको. एवढ्यावर थांबले नाहीत. यशवंत नालायक निघाला तर दुसऱ्या एखाद्या होतकरू पोराला निवडावं, अशीही तजवीज केली. मुलालाही हक्क जन्मानं नाही, लायकीनं. एवढी एक ओळ वर्णव्यवस्थेच्या पार मुळावर घाव घालते. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले. भाऊबंद उठलेच. टिटवं यशवंतानं धरायचं नाही म्हणाले. तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः हातात घेतलं आणि पुढं चालल्या. कागद आणि बाई, दोन्ही लागलं. हेही लक्षात ठेवा.

आता कायदा. मी वकील नाही, सातवीनंतर शाळा सुटली, पण कायद्याचं पुस्तक मराठीत मिळतं आणि रात्रपाळीच्या माणसाला दिवस मोकळा असतो. मृत्युपत्र न करता मेलेल्या माणसाचं काय होतं ते हिंदू वारसा कायदा, १९५६ ठरवतो. नाव हिंदू असलं तरी तो बौद्धांनाही लागू आहे, कायद्यात तसं लिहिलंय. त्याचा हिशेब रक्ताचा. माझ्यासारखा बिनलग्नाचा पोरगा मेला तर सगळं आईला. बाप असला तरी त्याला काही नाही, तो दुसऱ्या वर्गाचा वारस. मला याचं वाईट वाटलं नाही, उलट गंमत वाटली. लग्न झालेला असला तर बायको, पोरं, पोरी आणि आई, सगळ्यांना सारखा हिस्सा. माझ्या जोडीदाराच्या पैशावर भावाचा काडीचा हक्क नव्हता. वहिनीचा आणि आईचा होता, निम्मा निम्मा. नॉमिनी म्हणजे बँकेच्या खिडकीवर पैसे हातात घेणारा माणूस, मालक नव्हे. हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली बँक खात्याबाबत सांगितलंय आणि २०२३ साली शेअर्सबाबत. पण हक्क असणं वेगळं, तो खिडकीवर सिद्ध करणं वेगळं. वहिनीनं आता कोर्टात अर्ज केलाय. तारखा पडतायत. प्रत्येक तारखेला तिची एक हजेरी बुडते. त्या मित्रानं एका कोऱ्या कागदावर तिचं नाव लिहून ठेवलं असतं तर निदान तिच्या हातात त्याचा शब्द असता. आज तिच्या हातात माझी जबानी आहे. ‘मी खीर वाटली.’

बाईच्या बाबतीत हा कायदा अजून वाकडा आहे. बाई मृत्युपत्र न करता गेली आणि तिला नवरा-पोरं नसली, तर तिच्या स्वतःच्या कमाईवर नवऱ्याच्या वारसांचा हक्क आधी, तिच्या आईबापाचा नंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयात लागलेला एक निकाल वाचून मला झोप आली नाही. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली बाई. सासरच्यांनी हाकलून दिलेली. माहेरी राहिली, शिकली, नोकरी केली, पैसा साठवला. १९९६ साली वारली. मृत्युपत्र नव्हतं. तिला शिकवणारी आई कोर्टात आली आणि दुसऱ्या बाजूनं आले नवऱ्याच्या बहिणीचे मुलगे. पैसा त्यांना मिळाला. कायदाच तसा आहे म्हणे, न्यायाधीशांनी तरी काय करावं. त्या बाईच्या बँकेतला प्रत्येक रुपया तिला हाकलणाऱ्या घरात गेला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयानं बायकांना मृत्युपत्र करून ठेवा असं सांगितलं. आपल्या महिला मंडळांत हे कोणी वाचून दाखवलं का? आमच्या वस्तीत तरी नाही.

बैठकीत दुसरा एक आक्षेप आला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एक अभ्यासू मित्र म्हणाला, "मृत्युपत्र ही भांडवलदारांची चाल आहे. खाजगी मालमत्ता पिढ्यान्‌पिढ्या टिकवायची म्हणून काढलेली. आपण मालमत्तेच्या विरोधात की बाजूनं?" मी गप्प बसलो. घरी येऊन ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ काढलं, १९४७ चं. बाबासाहेब त्यात म्हणतात की शेतजमीन सरकारची व्हावी, मोठे उद्योग सरकारचे व्हावेत. म्हणजे मित्राचं बरोबर. पण त्याच कलमात पुढं आहे की विमाधंदा सरकारचा असावा आणि प्रत्येक प्रौढ माणसानं आपल्या मजुरीच्या प्रमाणात आयुष्याचा विमा काढलाच पाहिजे अशी सक्ती असावी. मजूर मेल्यावर मागच्यांचं काय, हा प्रश्न त्यांनी समाजवादाच्या मसुद्यातच घातला. आज जमीन शेठची आहे, गिरणी शेठची आहे, तोवर वहिनीच्या पासबुकातले एकतीस हजार हे काही भांडवल नव्हे. ते तिचं चार महिन्यांचं भाडं आणि पीठ आहे. टाटाचं मृत्युपत्र आणि आपलं मृत्युपत्र एका तागडीत घालू नका.

पण माझ्या मनातला खरा काटा हा नाही. तो आमच्याच घरातला आहे.

माझा आज्या मुंबईत गिरणीत साचेवाला होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो त्याच्यापुरता कधी संपलाच नाही. पुढं गिरणी कामगारांना घरं द्यायचं ठरलं, १ जानेवारी १९८२ ला जो कामावर होता तो किंवा त्याचा वारस पात्र. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. आज्यानं अर्ज भरला होता. तो वारला, घर लागलं नाही. घर लागलं नाही पण भांडण लागलं. चुलत्यानं आत्याला बोलावून सांगितलं, "तुझं हक्कसोड दे. तुला साडी घेतो." आत्या म्हणाली, "बाबांचा डबा गिरणीच्या गेटावर मी न्यायची, नऊ वर्षांची होते. तू तवा पाळण्यात होतास." चुलता चिडून म्हणाला, "आण्णानं मृत्युपत्र केलं असतं ना, तर तुझं नावबी नसतं त्यात."

तो बोलला ते खरं होतं. तिथं माझी बोबडी वळली. कारण आज्यानं मृत्युपत्र केलं नाही म्हणूनच आत्याचा हिस्सा शाबूत आहे. मुलीला मुलाइतका हिस्सा मिळावा म्हणून बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल लावून धरलं आणि ते अडवलं म्हणून १९५१ च्या सप्टेंबरात मंत्रिपद सोडलं. १९५६ च्या कायद्यानं बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला हिस्सा दिला, २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जितातही. पण त्याच कायद्याचं तिसावं कलम माणसाला आपला हिस्सा मृत्युपत्रानं कोणालाही द्यायची मुभा देतं. बापानं एका सहीत पोरीला उडवलं तरी कायदा बघत बसतो. गावोगाव हेच चाललंय. मृत्युपत्रं होतात ती बहुतेक पोरींची नावं गाळायला, आणि जिथं मृत्युपत्र नाही तिथं रक्षाबंधनाला साडी देऊन हक्कसोडावर अंगठा. आपल्या वस्त्या यात मागं नाहीत. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली बहिणीकडून हक्कसोड लिहून घेणारा साहेब. मी पाहिलंय.

मग मृत्युपत्र करा म्हणून मी कुणाला कशाला सांगतोय? चाकू वाटतोय का? बरेच दिवस मी इथं अडकलो होतो. शेवटी मला असं वाटलं, की मृत्युपत्र चांगलं का वाईट हा प्रश्नच चुकीचा. कायदा जिथं समता देतो तिथं मृत्युपत्रानं ती काढून घ्यायची नाही, आणि कायदा ज्याला ओळखतच नाही त्याला मृत्युपत्रानं ओळख द्यायची. यशवंताला कायद्यानं, जातीनं, भाऊबंदांनी ओळखलं नसतं. नोंदणी न झालेली बायको, सांभाळलेलं पोर, म्हातारपणी भाकरी देणारी शेजारीण, चळवळीचं वाचनालय, वह्या जपणारा मित्र हे रक्ताच्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी कागद करा. पोरीचं नाव गाळायला कागद करणारा कार्यकर्ता माझ्यापुढं जयभीम म्हणत आला तर मी उलटून जयभीम म्हणणार नाही. हे कडक वाटलं तरी असू द्या.

आणि वह्या. लिहिणाऱ्या पोरांना वेगळं सांगतो. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. त्यांची अप्रकाशित हस्तलिखितं कोर्टाच्या ताब्यात गेली, मग सरकारी ताब्यात, पेट्यांत बंद. सरकारची प्रकाशन समिती १९७६ ची, पहिला खंड १९७९ चा, आणि ‘रिडल्स इन हिंदुइझम’ लोकांच्या हातात पडलं १९८७ साली. एकतीस वर्षं! मधल्या काळात एक पिढी ते न वाचता म्हातारी झाली. ज्यांच्या मागं कोट्यवधी माणसं उभी होती त्यांच्या कागदांचं हे झालं, तर आपल्या दोनशेपानी वह्यांचं काय होईल? कवितेचा कॉपीराइट कवीच्या मरणानंतर साठ वर्षं चालतो. तोही वारसांकडं जातो, मग वारसाला वाचता येवो न येवो. मृत्युपत्रात हस्तलिखितं अमक्याला दिली असं लिहिलं आणि वेगळं काही म्हटलं नाही, तर न छापलेल्या लिखाणाचा कॉपीराइटही त्यालाच मिळतो. मोबाईलमधल्या कविता कुठं आहेत आणि लॉक काय आहे तेही कुणाला तरी सांगून ठेवा. माझ्या जोडीदाराच्या शेवटच्या वर्षाच्या कविता मोबाईलमध्ये होत्या.

करायला फार काही लागत नाही. स्टॅम्पपेपर लागत नाही, वकील लागतोच असं नाही. कोरा कागद, आपली भाषा, तारीख. वय अठराच्या वर, डोकं ठिकाणावर. दोन साक्षीदारांच्या देखत सही किंवा अंगठा करायचा आणि त्यांनी तुमच्या देखत सह्या करायच्या. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचून दाखवायची गरज नाही. ज्याला काही देताय त्याला साक्षीला घेऊ नका, उगाच संशय. नोंदणी सक्तीची नाही, पण भांडकुदळ भाऊबंद असतील तर दुय्यम निबंधकाकडं जाऊन करून टाका. मन बदललं तर नवं करा, शेवटचं तेच खरं. जुन्या वतनाची जमीन असेल आणि सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असेल, तर मात्र आधी माहीतगार वकिलाला विचारा, तिथं कलेक्टरच्या परवानगीची भानगड असते. आणि उचलीचं. मेलेल्याचं कर्ज त्यानं मागं ठेवलेल्या मिळकतीपुरतंच. मिळकत नाही तर बायकोच्या, पोराच्या मजुरीला हात लावता येत नाही. आज्याच्या-बापाच्या कर्जाला केवळ पोरगा म्हणून बांधून घ्यायचा धर्म २००५ ला कायद्यातून गेला, आणि कर्जापायी माणूस कामाला जुंपणं १९७६ पासून गुन्हा आहे. ठेकेदाराच्या माणसाला आम्ही सहाजणांनी जाऊन हे सांगितलं. तो पुन्हा आलेला नाही.

मी माझं केलं. पहाटेची पाळी सुटल्यावर गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून. अंगाला रुई चिकटलेली. टपरीवाला एक साक्षीदार, खात्यातला जुना डॉफर दुसरा. डॉफर म्हणाला, "तब्येत बरी हाय न्हवं तुझी?" पुस्तकं वस्तीच्या वाचनालयाला. सायकल धाकट्या बहिणीला, ती कॉलेजला चालत जाते. बँकेत असेल ते आईला आणि बहिणीला सारखं. वह्या वहिनीला. कारण पाच वह्या गेल्याचं दुःख काय असतं ते माझ्याखालोखाल तिलाच माहीत आहे. मागं त्रिशरण-पंचशील, बाकी कुठला विधी नाही, जेवणावळ नाही.

आईला सांगितलं तर आधी रडली. "जित्या माणसानं असलं लिवू नये." दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "माजं बी लिव." घरकुल तिच्या नावावर आहे. मी कागद घेतला. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. अर्धं घर तुला, अर्धं पोरीला. पितळेचा हंडा पोरीला. डोरलं सुनेला, आली तर. लिहून झालं, वाचून दाखवलं. ‘अर्धा हिस्सा माझ्या मुलीस’ इथं आली आणि तिनं हात वर केला.

"नाव लिव तिचं. नुसतं मुलगी नको."

मी ते खोडून पुन्हा लिहिलं.